तोकुमाला वर आणताना

आमच्या गावात कोळसा निघत होता तेव्हा मेलेल्या माणसाला खाणीतून नुसतं उचलून आणत नसत. त्याला सांगत सांगत आणत. मृतदेहाच्या पुढे एक जण चाले आणि प्रत्येक वळणावर त्याचं नाव घेऊन मोठ्याने सांगे, "वळण आलं रे, आपण वर चाललोय." न सांगता आणलं तर देह वर येतो आणि जीव खाली अंधारात चाचपडत राहतो. हे काम बहुतेक वेळा इसोकिचींकडे येई, कारण त्यांचा आवाज. मी फिरत्या नाटक मंडळीतली. खाणकामगारांच्या नाट्यगृहात आमचा मुक्काम पडला की ते पहिल्या रांगेतून माझं नाव असं पुकारत की माझं अर्धं वाक्य त्यात वाहून जाई. पुढे मंडळी मोडली, मी याच गावात त्यांच्या शेजारी घर केलं आणि त्यांच्याशी भांडता भांडता म्हातारी झाले.

इतक्यांना वर आणणाऱ्या या माणसाला स्वतःच्या भावाला आणता आलं नाही. खाणीत आग लागली तेव्हा दोघे एकाच पाळीत होते. इसोकिची बाहेर पडले, थोरला तोकुमा आत राहिला. आग विझावी म्हणून कंपनीने खाणीत पाणी सोडलं आणि तोंड बंद केलं. आत कुणी जिवंत नाही, असं सांगण्यात आलं. ते तोंड पुन्हा उघडलं नाही. इसोकिची याबद्दल बोलत नसत. कुणी विषय काढलाच तर उठून अंगणातल्या मुळ्यांना पाणी घालायला जात, पाऊस पडत असला तरी.

खाणी बंद झाल्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच टेकडीच्या पायथ्याशी संग्रहालय उभं राहिलं. इथल्या वस्तूंना हात लावायचा, टोपली पाठीवर घ्यायची, कोळशाची गाडी ढकलायची. इसोकिचींची नात चिहो शाळेबरोबर जाऊन आली आणि जेवताना सांगू लागली, की तिथे एक बोगदा आहे, डोक्यावर दिवा लावून आत जाता येतं. इसोकिचींनी हातातला वाडगा खाली ठेवला. तोवर कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाऊन टाकली होती. हिवाळा दिसेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. "कोगिकु, रविवारी चल आमच्याबरोबर. दादाला वर आणायचंय. माझा दम संपला तर तुझा आवाज लागेल."

मी म्हटलं, अहो, तो बोगदा खोटा आहे, प्लास्टरचा.

"तू जन्मभर पुठ्ठ्याच्या पुलावरून उड्या मारून जीव दिलास. आम्ही रडलो ते काय खोटं होतं?"

मी गेले.

त्यांचा मुलगा मोतोहारू खुशीत होता, चिहोही बरोबर होती. वडिलांना जुनी अवजारं बघायची असतील, एवढीच त्याची समजूत. संग्रहालयात आमचे जोडे ठेवून घेतले आणि रबरी बूट, शिरस्त्राणं दिली. बोगद्यात काळा रंग फासलेला, कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा आवाज लावलेला. अगदी आतल्या टोकाला इसोकिचींनी भिंतीवर तळवा टेकवला. "दादा, मी इसो. फार उशीर केला. ऊठ, चल." मग वळले आणि पहिल्या वाकणापाशी खणखणीत हाक दिली, की वळण आलं, आपण वर चाललोय. मोतोहारू माझ्याकडे बघू लागला. मागच्या कुटुंबाला हा प्रदर्शनाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणखी एक वळण, आणि समोर काचेचं दार. पलीकडे लख्ख दालन, तिथे छोट्या कुदळी लावलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या विकायला ठेवलेल्या. इसोकिची थबकले.

"चढ कुठंय?"

तिथली मुलगी अदबीने म्हणाली, "आजोबा, चाकाच्या खुर्च्यांना त्रास नको म्हणून सगळं सपाट ठेवलंय."

त्यांनी दाराची चौकट धरली आणि ते बाहेर पडेनात. मागे लोक खोळंबले. मोतोहारू कानाशी पुटपुटला, बाबा, तमाशा नको, घरी जाऊन बोलू.

"मी त्याला उठवलंय रे," इसोकिची म्हणाले. "इतकी वर्षं होता तिथं निदान ओळखीच्या जागी होता. आता माझ्या पाठीशी येऊन उभा राहिलाय. कुठं सोडू त्याला? या दुकानात?"

मोतोहारूने काकाचं नाव घरात फारसं ऐकलं नव्हतं. तो बराच वेळ वडिलांच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने संग्रहालयातल्या त्या मुलीला विचारलं, इथून वर जायला वाट आहे का. आगीच्या वेळी पळायचा लोखंडी जिना होता, टेकडीच्या माथ्यावर जाणारा. तिने घुटमळत दार उघडलं.

हा चढ त्यांना झेपायचा नाही, मी मोतोहारूला म्हटलं. "माहितेय," तो म्हणाला.

पहिल्या वळणावर इसोकिचींनी हाक दिली. दुसऱ्यावर नुसते ओठ हलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छातीभर श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. आवाज होता, पण तोकुमा माझा कोण? मी मोतोहारूला ढोसलं. "तुझा काका आहे. तू बोलव."

"काय म्हणायचं तेही मला येत नाही."

"वर चाललोय म्हणायचं, बाबा," चिहो म्हणाली.

त्याने वडिलांना पाठुंगळी घेतलं आणि तो हळूच म्हणाला, "तोकुमाकाका, वर चाललोय."

"मोठ्याने," पाठीवरून आवाज आला. "त्याच्या कानांत पाणी गेलंय."

माथ्यावर वाळकं गवत आणि वारा. इसोकिची खाली बसले. "दादा, बाहेर आलो. उजेड आहे बघ." मग ते थांबून राहिले. आम्हीही थांबलो.

"आले का काका?" मोतोहारूने विचारलं.

"देह असला की तोंडावरचं फडकं काढून बघायचो. चेहरा निवलेला दिसायचा. इथं काय काढून बघू?"

आणलेल्या वाटेने त्याच दिवशी परत उतरायचं नसतं, नाहीतर मेलेला मागोमाग खाली येतो. म्हणून ते जिन्याकडे वळेनात. भर उन्हात कच्च्या रस्त्याने वळसा घेऊन, संग्रहालयाचेच बूट पायांत घालून आम्ही घरी आलो. बूट दुसऱ्या दिवशी मोतोहारू परत करून आला.

इसोकिचींनी अंथरूण धरलं ते कायमचं. सून नवऱ्याशी बोलेना, माझ्याशीही नाही. मी पेज घेऊन जाई, ती दारातच वाडगा घेई आणि दार लावी. मोतोहारू कामावर जाण्याआधी कच्च्या रस्त्याने टेकडीवर जाऊन येऊ लागला. संध्याकाळी वडील विचारत, "मारलीस हाक?" तो म्हणे, मारली. पुढे ते काही विचारत नसत.

पानगळीच्या दिवसांत इसोकिची गेले. हाका मारणं कधी थांबवायचं, ते मुलाला सांगायचं राहून गेलं. मोतोहारू अजून जातो. मी विचारलं तर म्हणतो, "आले असतील तर ठीकच, मावशी. पण नसतील आले तर?"