बोनेटवरचं खळं

बाबांचा उजवा डोळा कसा गेला हे सांगायचं तर गाडीच्या पॉलिशपासूनच सुरुवात करावी लागते. आई म्हणते, गाडीनं खाल्ला. मला ते पटत नाही. गाडीनं बिचारीनं काही केलं नाही. पण संध्याकाळी पोर्चमधला बल्ब लावताना माझा हात अजूनही बटणापाशी थोडा थांबतो, हे मात्र खरं.

गाडी माझी. दुर्गला कलेक्टर कचेरीत नोकरी, रोजचं जाणं-येणं, म्हणून घेतली आणि हौसेनं काळी घेतली. भिलाईत काळी गाडी म्हणजे विकतचं दुखणं. स्टील प्लांटची बारीक तांबूस धूळ रात्रभर पडत असते आणि ती नुसती धूळ नसते, तिच्यात लोखंडाचा कीस असतो. तरी इथल्या दर दुसऱ्या घरातून सकाळी एक रिटायर्ड माणूस जुनं बनियान घेऊन बाहेर येतो आणि कोरडीच गाडी गोल गोल पुसून काढतो. तो त्याचा धर्म. आमच्याकडे तो बाबांनी पाळला आणि वर्षभरात माझ्या बोनेटवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं उमटलं. उन्हात गाडी तारेच्या घासणीनं घासलेल्या कढईसारखी दिसायची.

मी तापट आहे. त्यांना नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ते सुपेल्याच्या बाजारात जाऊन पॉलिशचं मशीन घेऊन आले.

बाबांची सगळी नोकरी रोल ग्राइंडिंगमध्ये गेली. तापलेलं पोलाद ज्या अजस्र रोलांमधून दाबून काढतात, ते रोल घासून आरशासारखे करायचे, हे त्यांचं काम. रोल तयार झाला की ते दिवा तिरपा धरून त्याचं रोलातलं प्रतिबिंब बघायचे. प्रतिबिंब स्वच्छ असेल तर रोल पास. दिव्याभोवती जरा काही दिसलं तर परत मशीनवर. "मीटर मागून, डोया पयले," असं ते म्हणायचे. त्यांच्या हाताखालची माणसं मीटरपेक्षा त्यांच्या डोळ्याला जास्त घाबरायची.

त्यामुळे गाडीचं काम त्यांनी प्लांटच्या शिस्तीनंच घेतलं. आधी भरपूर पाण्यानं धुवायची. मग मऊ मातीची वडी ओल्या रंगावरून हलकेच फिरवायची, म्हणजे रुतलेला लोखंडाचा कीस तिला चिकटून येतो. तो तसाच राहिला तर मशीन त्यालाच गरगर फिरवतं आणि जुने ओरखडे जाऊन नवे येतात. मशीनही त्यांनी निवडून आणलं होतं, चकती नुसती भिरभिरवणारं नाही, तर फिरता फिरता थोडं डगमगणारं, म्हणजे एकाच जागी गोल उमटत नाही. स्पंजाचा पॅड, त्यावर कंपाउंडचे, म्हणजे पॉलिशच्या लेपाचे, चार ठिपके, एका वेळी हातभर जागा, आणि दाबायचं नाही. मशीनच्या वजनाखेरीज वजन नको. पॅड खाली पडला तर तो त्या दिवशी वापरायचा नाही. आमच्या ओट्यावर बाटल्या आणि फडक्यांची अशी काही आरास झाली की आई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.

पण गाडी झाली तेव्हा मी बघतच राहिले. बोनेटमध्ये समोरच्या कडुलिंबाची पानं वेगवेगळी दिसत होती. एकही ओरखडा नव्हता. माझं बोलणं मला तेव्हा लागलं आणि मी त्यांच्यासाठी सुपेल्याहून समोसे आणले. ते खाताना ते इतके खूश होते की गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी मला पोर्चमध्ये हाक मारली. "पाह्य बरं. दिव्याले खळं पडलं."

चंद्राला पडतं ते खळं. मी वाकून बघितलं. बोनेटमध्ये पोर्चचा पिवळा बल्ब दिसत होता, अगदी नीट. भोवती काही नव्हतं. तसं मी म्हटलं.

"तुले नाई दिसत. मले दिसून राहिलं. लाल-निळं, गोल. जाळं परत आलं."

त्यांनी मशीन लावलं. पोर्चमधला तो एक मंद बल्ब, त्याखाली मान खाली घालून बोनेटवर वाकलेले बाबा, आणि मशीनची घरघर. सकाळी त्यांनी बघितलं तर खळं नव्हतं. त्यांना वाटलं, आपण काढलं. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी ते पुन्हा आलं. त्यांनी पुन्हा काढलं. मग हे चालूच राहिलं.

त्यांचं डोकं दुखायचं, उजव्या भुवईच्या वर. डोळा लाल व्हायचा. भिलाईत याचं उत्तर कुणालाही पाठ असतं: डोळ्यात प्लांटची धूळ गेली. खोकला आला, धूळ. केस गळले, धूळ. आईनं गुलाबजल घातलं, बाबा झोपले, सकाळी डोळा बरा. कुणी आणखी काही विचारलं नाही. मला डोळ्याची नाही, गाडीची काळजी होती. रंगावरचा पारदर्शक थर कागदाइतकाही जाड नसतो आणि प्रत्येक पॉलिशला तो थोडा जातो. बोनेटच्या कडेला रंग फिकट पडायला लागला होता. मी ओरडले, "बाबा, काहीच नाई तिथं. कावून घासून राहिले तुमी?"

"माह्या डोयानं मले कधी धोका नाई देल्ला," ते म्हणाले.

शेवटी एका संध्याकाळी मी गाडी आणि बाबा दोघांनाही सुपेल्यातल्या गाडी-पॉलिशच्या एका दुकानात नेलं. तिथला माणूस गोडबोल्या, महागडं कोटिंग गळ्यात मारण्यात पटाईत. मी मनाची तयारी करूनच गेले होते. त्यानं हातातला झगझगीत दिवा बोनेटवर इकडून तिकडून फिरवला, जाडी मोजायचं मीटर टेकवलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें कुछ नहीं है. और मत घिसिए, किनारे पे कोट खतम है."

ज्याला विकायचं होतं तोच काही नाही म्हणत होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाबा त्याच्या दिव्याकडे बघत होते, बोनेटकडे नाही, आणि त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

परत येताना चौकात सिग्नलला थांबलो. समोरून रायपूरकडचे ट्रक येत होते. बाबा शांतपणे म्हणाले, "आज धूळ लय हाये. सगळ्याच लायटींले खळं पडलं."

मी समोर बघितलं. हवा स्वच्छ होती. मागचा हॉर्न वाजवत होता, सिग्नल कधीचा हिरवा झाला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दुर्गच्या. त्यांनी बाबांचा डावा डोळा हातानं झाकला आणि दुसरा हात बाजूनं हळूहळू आणला. बाबांना तो अगदी नाकासमोर येईपर्यंत दिसला नाही. इतके दिवस डावा डोळा उजव्याचं काम गुपचूप करत होता आणि बाबांना पत्ताही लागला नव्हता. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट जन्मापासून अरुंद. अंधूक उजेडात, मान खाली घालून बराच वेळ राहिलं की ती बंद होते, डोळ्यात दाब चढतो, आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. झोपलं की वाट पुन्हा उघडते. दर वेळी आतली नस थोडी मरते. मेलेली परत येत नाही.

"मी रोज संध्याकाळी वाकून पॉलिश करतो," बाबा म्हणाले. ते प्लांटच्या साहेबांशी बोलावं तसं शुद्ध बोलले. त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की मी खिडकीबाहेर बघत बसले.

लेझरनं डाव्या डोळ्यात बारीक छिद्र पाडलं. तो वाचला. मग डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. ही अरुंद वाट घराण्यात उतरते, चाळिशी उलटली की त्रास देते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, तुमचीही तशीच आहे. लेझरची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर खळं दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मधल्या रविवारी संध्याकाळी मी बोनेटवरचे वाळलेले कंपाउंडचे डाग पुसत होते. बाबांनी मशीनला हात लावणं सोडलं होतं आणि ते डाग तसेच राहिले होते. पुसता पुसता मला बोनेटमध्ये बल्ब दिसला. त्याच्याभोवती एक गोल होता. बाहेरून लाल, आतून निळा.

मी सरळ उभी राहिले, पुन्हा वाकले. गोल तिथंच होता. मी बाबांना हाक मारली. ते गाडीला हात लावत लावत आले, कारण उजवीकडची खुर्ची, कुंडी, काहीच त्यांना दिसत नाही.

"इथं ओरखडे राहिले काय, बघा ना."

ते वाकले. डावा डोळा बोनेटच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, सापडू दे, एक तरी ओरखडा सापडू दे. तेही तेच शोधत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. त्यांनी बोटानं रंग चाचपला, फडक्यानं पुसला, पुन्हा पाहिलं.

मग ते सरळ झाले. "तुले खळं दिसून राहिलं?"

"हो."

"पोरी, गाडी साफ हाये," ते म्हणाले. "चप्पल घाल."

मी किल्ली घ्यायला वळले तर त्यांनी मान हलवली आणि माझा दंड धरला. रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला आपल्या डाव्या बाजूला घेतलं, त्यांना दिसते त्या बाजूला, आणि येणाऱ्या ऑटोला हात केला.