पाहुण्याची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. निफाडकडच्या एका साखर कारखान्यात मी पाणी तपासायचो. मळीचं सांडपाणी मुरून विहिरी लाल झाल्याची तक्रार आली, म्हणून एका मळ्यात नमुना घ्यायला गेलो.

तिथल्या म्हातारीने पदराने बाज झटकली. "कारखान्याचा का तू? बस तरी. उन्हाचा आलाय."

रिकामी बाटली ओट्यावर ठेवून मी विहिरीचा दोर सोडत होतो. तेवढ्यात बाटली प्यायच्या पाण्याची समजून तिने ती घरातल्या हंड्यातून काठोकाठ भरली आणि पदराने पुसून माझ्यापुढे धरली.

"मावशी, हे विहिरीचं नाही ना?"

"हिरीचं कसं दिऊ? ते ढोरं बी तोंडात घेत नाय. हे सूनबाईनं गावातल्या नळावरून आणलंय. पाव्हण्याला का वंगाळ पाणी द्यायचं?"

बाटली ओतून पुन्हा भरणं माझ्या हातात होतं. तरी मी तिच्यावर 'विहीर' अशी चिठ्ठी चिकटवली. पाणी पिण्यायोग्य ठरलं आणि त्या मळ्यातल्या वस्तीला पाण्याचा टँकर नाकारला गेला.

तपासलं ते तिच्या हंड्यातलं पाणी होतं, हे मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे आणि लेखीही द्यायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.