वेशीत उतरणार नाही

जॅकेट घेताना मला रंग हवा होता, हे आधीच सांगून टाकते. "जीव वाचला म्हणजे झालं, रंगाचं काय एवढं घेऊन बसलीस?" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. ते सगळे गाडीला रेडियमच्या पट्ट्या, हँडलला झुरमुळ्या आणि नंबरप्लेटवर वाघ लावून फिरणारे होते. त्यांनी केली तर हौस आणि मी केली तर सोंग. म्हणून सोलापूरच्या त्या दुकानात शिरताच मी ठणकावून सांगितलं, अंगाला नीट बसणारं, पडले तर हाडं वाचवणारं आणि दिसायला झकास असं जॅकेट दाखवा. काळं नको.

"साहेबांचं माप काय, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"साहेब एसटीनं जातात. माप माझं घ्या."

तो हसला. मी हसले नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. माकणीच्या आसपासची बरीच गावं माझ्याकडं आहेत. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, गायीम्हशी भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं, अडलेलं जनावर सोडवायचं, हे माझं काम. लशीचा बर्फाचा डबा मागं बांधून मी गिअरची मोटारसायकल चालवते, कारण स्कूटी आमच्या शिवारातल्या रस्त्यांवर टिकत नाही. गाय भरवताना खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा घालून मी हात आत घालते, तेव्हा सगळं गाव कौतुकानं बघत उभं असतं. तो हातमोजा कुणाला फॅशन वाटला नाही. गाडीवर घालायचा हातमोजा मात्र वाटला.

यामागं काय घडलं ते सांगायला हवं. माझ्या सासरच्या गावात एक रीत आहे. सुनेनं वेशीतून वाहनावर बसून आत यायचं नाही. वेस म्हणायला आता दोन दगडी खांब उरलेत, पण त्यांना लागून मारुतीचा पार आहे आणि पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात. सुनेनं वेशीपाशी उतरायचं, चप्पल हातात घ्यायची, डोक्यावर पदर घ्यायचा आणि पार मागं पडेपर्यंत खाली मान घालून चालायचं. मग पुन्हा बसायचं. गावच्या लेकी खुशाल बसून जातात. जावयांचं तर विचारूच नका. मी कित्येक वर्षं बर्फाच्या डब्यासकट ती जड गाडी ढकलत पार ओलांडत आले. पारावरचं एक माणूस कधी हात लावायला उठलं नाही.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे दिराची बायको, दिराच्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायची. त्या दिवशी आम्ही माकणीच्या बाजारातून परत येत होतो. ती दोघं पुढं, मी माझ्या गाडीवर मागं. निघताना मीच तिला पदर कमरेला घट्ट खोचायला लावला होता, कारण दिरानं गाडीचं साडीगार्ड काढून टाकलं होतं. "साडीगार्डनं गाडी बाईमाणसावाणी दिसती," असं त्याचं म्हणणं. सगळ्या रस्त्यानं पदर जागेवर राहिला. वेस दिसली तशी गाडी थांबायच्या आतच तिनं तो कमरेतून ओढून काढला, डोक्यावर घ्यायला. वाऱ्यानं तो उडाला आणि मागच्या चाकात गेला.

मी ओरडले. ती पाठीवर खेचली गेली आणि डांबरावर आपटली. मी धावत जाऊन बघितलं तर डोकं वाचलं होतं, पण उजवा हात अंगाखाली आला होता आणि हिरव्या बांगड्या मनगटात घुसल्या होत्या. मी काचा काढत होते, ती "अक्का, अक्का" करत होती. तेवढ्यात घरून सासूबाई पळत आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आगं बया, बांगड्या वाढल्या की गं!" मनगटाकडं त्यांनी नंतर बघितलं. मला त्यांचा राग आला, अजून येतो. त्या वाईट नाहीत. पण काच मोजणाऱ्या डोळ्यांना रक्त उशिरा दिसलं, हे मी विसरू शकत नाही.

दवाखान्यातून आल्यावर घरात बैठक बसली. दिराला कुणी काही बोललं नाही. रस्ता खराब, वारा जोराचा, नशीब खोटं, सगळ्यांना दोष देऊन झाला, साडीगार्डचं नाव निघालं नाही. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, निकाल दिला.

"आजपून घरातल्या बाया गाडीवर बसायच्या न्हाईत. थोरले, तुझी चावी बी आन हिकडं."

"माझी नोकरी हाय, मामा. गाडीबिगर गावं कशी फिरू?"

"पोरगं सोडंल, पोरगं आनंल."

"पदर चाकात गेला, मामा. गाडीनं काय केलं?"

त्यांनी माझ्या मुठीतल्या चावीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. चालीव. पर वेशीत उतरायचं आन पदर घ्यायचा. येकदा जरी चुकलीस तर चावी माज्याकडं."

पदरानं पाडलेल्या बाईच्या घरात पदराचीच अट! मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चावी मुठीत धरून आत गेले. ती गेली तर नोकरी गेल्यातच जमा होती, आणि दिराच्या मागं बसून गावोगाव फिरायची माझी तयारी नव्हती. नवऱ्याला फोन केला. ते लातूरला नोकरी करतात, सुट्टीला घरी येतात. म्हणाले, "तुझं तू बघ." मग माझं मी बघायचं ठरवलं आणि पहिल्या सुट्टीला सोलापूर गाठलं.

तर, दुकान. बायकांचं म्हणून त्यानं पहिल्यांदा जे काढलं ते फिकट गुलाबी होतं, वर फुलपाखरं. कोपरावर अंगठा दाबून बघितला तर आत नुसता स्पंज. पडल्यावर फुलपाखरं उडून जातील आणि कोपर रस्त्यावर राहील, असं मी त्याला सुनावलं. मग त्यानं पुरुषांचं दिलं. त्यात पॅड टणक होती, पण खांदे माझ्या दंडावर उतरले आणि कोपराचं पॅड पार मनगटाकडं घसरलं. जिथं लागायचं तिथं पॅड नसेल तर ते असून नसल्यासारखं. हे त्याला पटलं असावं, कारण त्यानंतर तो मला "साहेबांचं" काही विचारेनासा झाला.

अख्खं दुकान खाली काढायला लावलं म्हटलं तरी चालेल. चामड्याच्या जॅकेटला हातही लावला नाही. आपल्याकडच्या उन्हात ते घालणं म्हणजे स्वतःला शिजवून घेणं. शेवटी माळ्यावरच्या खोक्यातून एक जाळीचं जॅकेट निघालं. वारा खेळणारं, पण खांदा, कोपर आणि बाही जाड कापडाची. कोपराला, खांद्याला, पाठीला टणक पॅड. कमरेला पट्टे, मागून लांब. आणि रंग डाळिंबी! पाठीवर उजेडात चमकणारी पांढरी पट्टी. ते घालून मी दुकानाबाहेर गेले आणि दुकानदाराच्याच गाडीवर बसले. हँडल धरल्यावर बाही वर सरकते का, वाकल्यावर पाठ उघडी पडते का, कोपराचं पॅड कोपरावरच राहतं का, सगळं बघितलं. लोक थांबून बघत होते. बघू दिलं.

हेल्मेट घेताना अंबाडा आडवा आला. पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआयचं खरं शिक्क्याचं हेल्मेट अंबाड्यावर बसत नाही, टेकून राहतं. मी तिथंच पिना काढल्या आणि मानेखाली वेणी घातली. गाल दाबले जातील इतकं घट्ट, मान हलवली तरी न हलणारं, असं एक घेतलं. रस्त्यावर मिळणाऱ्या अर्ध्या टोप्या पोलिसांसाठी असतात, डोक्यासाठी नसतात. बूट घोट्याच्या वर येणारे घेतले आणि हातमोजे तळव्याला जाड पट्टी असलेले, कारण पडताना माणूस आधी हातच टेकतो. बांगड्या गाडीवर बसण्याआधी काढायच्या, हेही तिथंच ठरवलं.

डाळिंबी रंगाबद्दल मला अजून ऐकवतात. मी त्यांना मामांच्या पटक्याकडं बोट दाखवते. मामांनी उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं. उन्हापासून डोकं वाचवायला पटका लागतो, हे मान्य. पण मुरूमच्या बाजारात ते दुकानदाराला ढीगभर पटके उलगडायला लावतात, उजेडात धरून बघतात आणि नेमका तो गुलाबी झाकेचा लालच घेतात. डोकं वाचायचं आणि रुबाबही दिसायचा. मग मी वेगळं काय केलं?

जॅकेट बघून घरात कुणी बोललं नाही, फक्त जाऊ बोलली. पडल्यापासून ती घराबाहेर निघाली नव्हती, नीट जेवतही नव्हती. हातावर टाके, बोटं मिटत नव्हती. तिनं डाव्या हातानं जॅकेटची बाही चाचपली आणि हळूच विचारलं, "अक्का, ह्यात पिवळं येतंय का?" इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. दुकानदाराला फोन लावून मी पिवळं मागवून घेतलं, हेल्मेटसकट.

डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी तिला लोहाऱ्याच्या दवाखान्यात बोलावलं होतं. त्या दिवशी तिनं माझा पंजाबी ड्रेस घातला, ओढणी घेतली नाही, वर पिवळं जॅकेट. हेल्मेटचा पट्टा मी लावला. सासूबाई दारात कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. जाऊ दोन्हीकडं पाय टाकून माझ्या मागं बसली आणि आम्ही निघालो. सकाळी पार रिकामा होता.

परत येताना तो भरलेला होता. मामा होते, आणि ज्यांचा शब्द गावात कुणी मोडत नाही ते सगळ्यात म्हातारे आबाही होते. मी गाडी हळू केली.

"अक्का, उतरायचं का?" जावेनं मागून विचारलं.

"तुला उतरायचंय?"

तिनं डाव्या हातानं माझी कंबर घट्ट धरली. "न्हाय," म्हणाली.

आम्ही वेशीतून बसूनच आत शिरलो. आबांनी काठी आपटली. "ये, कोन हाय गं? वेस दिसंना का?"

मी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि हेल्मेटची काच वर केली. "मीच हाय, आबा. कालच तुमची म्हैस भरवून गेले."

"मंग उतर की खाली."

"न्हाय उतरत."

"आन पदर?"

"डोकं झाकलंय, आबा. तुमच्या सगळ्यांपरीस जास्त झाकलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. मामा उठले. त्यांचा चेहरा पटक्याहून लाल झाला होता. "थोरले, काय ठरलं हुतं?"

"तुमी ठरीवलं हुतं, मामा. म्या व्हय म्हनले न्हवते."

ते पार उतरून गाडीपाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला. "चावी दे."

हँडल मी सोडलं नाही. तेवढ्यात मागून जाऊ बोलली. आमच्याकडं धाकटी सून चारचौघांत सासऱ्याशी बोलत नाही, तिचा आवाज पारावरच्या निम्म्या माणसांनी कधी ऐकलाही नसेल. तिनं पिवळी बाही वर सारली आणि तो हात मामांच्या हातासमोर धरला. टाक्यांचे वण अजून लाल होते.

"मामा, ह्या हातानं पदर धरता येत न्हाय. बोटं मिटत न्हाईत. पायजेच असंल तर घरनं लुगडं आना आन तुमीच घाला माझ्या डोक्यावर पदर."

सासऱ्यानं सुनेच्या पदराला हात लावायचा नसतो, हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मामा तिच्या मनगटाकडं बघत राहिले. घरात इतके दिवस तो हात होता, पण मला वाटतं, त्यांनी तो नीट बघितला तो तेव्हाच. मग त्यांनी आपला पुढं केलेला हात मागं घेतला.

मी काच खाली केली, गिअर टाकला आणि पारासमोरून गाडी नेली.

यानंतर गाव सुधारलं असं कुणी समजू नये. बऱ्याच सुना अजून वेशीत उतरतात. आबा मला बघून तोंड फिरवतात, पण म्हैस माजावर आली की फोन मलाच करतात. दिरानं साडीगार्ड बसवलेलं नाही. मामा माझ्याशी कामापुरतं बोलतात. जावेची दोन बोटं अजून मिटत नाहीत आणि कदाचित मिटणारही नाहीत, तरी ती व्यायामाला जाते, माझ्या मागं बसून, भर दुपारी, पारासमोरून. चावी मामांनी पुन्हा मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती.