सईदचं कोरं पीप

सईद आणि मी कासू गावच्या शाळेत एका बाकावर. गुरुजी पाढे घ्यायचे तेव्हा हा माझी पट्टी वाकवून तिची होडी करायचा. त्याचा बाप खाडीवर होड्या बांधायचा, तेव्हा लाकूड वाकवणं ह्याच्या हातातच. गावची पोरं दुबई-कुवेतला गेली. हा जहाजावर सुतार म्हणून गेला, फ्रान्सच्या बंदरात पाय मोडून उतरला तो तिकडचाच झाला. घरी कळवलं, लाकडाच्या कंपनीत हाय. खोटं नव्हतं. त्या लाकडाचं काय करतात, एवढंच सांगितलं नाही.

कोन्याक नावाचं गाव. तिथल्या ब्रँडीचंही नाव तेच. सईद तिच्यासाठी ओक झाडाची पिपं बांधायचा. आतून जाळ, बाहेरून पाणी, आणि वाकलेल्या फळ्यांवर लोखंडी कडी. खिळा नाही, डिंक नाही. पहिल्याच पिपाच्या फटीत पठ्ठ्यानं, बाप होडीत भरायचा तसा, तेलातला कापूस ठोकला! मुकादमानं तो उपसून ह्याच्याच नाकाला लावला, तेलाचा वास ब्रँडीत उतरला असता.

सुट्टीवर यायचा तेव्हा मला हे सांगताना सईद हसूनहसून खोकायचा. "पोपट, तिकडं आजा पीप भरतो नि नातू उघडतो. दरवर्षी थोडी उडून जाते, तर म्हणतात फरिश्त्यांनी घेतली."

"अनीसाभाभीला सांगितलंस हे?"

"मग झोपू कुठं, तुझ्या गोठ्यात?"

म्हातारपणी छातीचं दुखणं घेऊन तो कायमचा घरी आला. मालकांनी निरोपाला त्याच्याच हातचं एक लहानसं कोरं पीप दिलं होतं. ते बोटीनं मागाहून आलं. पुतण्या उबेदनं फळीवर डागलेलं कंपनीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि अंगणातूनच ओरडला, "चाचा, हे तर दारूचं पीप!"

भाभीनं दाराला हात आडवा लावला. "इतकी वर्षं ह्याचं खाल्लं मी? नमाज पढून?"

"कोरं हाय गो. थेंब गेला नाय ह्यात. मी पन कधी चाखली नाय."

"कोन मानंल?"

पीप माझ्या अंगणात आलं. भाभी नवऱ्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. सईदला आता एकच हवं होतं. मरायच्या आधी तिनं त्या पिपातलं पेलाभर पाणी प्यावं, म्हणजे त्याची सगळी कमाई तिला पटली. वरचं झाकण काढून आम्ही पीप विहिरीच्या पाण्यानं भरलं. थेंब गळला नाही. आठवडाभरानं मिनतवाऱ्या करून तो तिला घेऊन आला, पेला बुडवला.

पाणी तांबूस निघालं. कोऱ्या चहासारखं.

ब्रँडी भट्टीतून पाण्यासारखी पांढरी उतरते. रंग देतं ते पिपाचं लाकूड. हे मला त्यानंच सांगितलेलं. जन्मभर तो रंग बांधला, आणि बायकोला पाणी पाजताना नेमकं तेच विसरला.

"लाकडाचा रंग हाय, अनीसा. पाणी बदलत गेलो की साफ निघंल."

"ह्याला कोरं म्हनतोस?" भाभीनं पेला मातीत ओतला आणि निघून गेली.

सईदनं सगळा जोर लावून पीप आडवं केलं. पाणी अंगणभर झालं. त्यानंतर त्यानं अंथरूण धरलं. पेणच्या दवाखान्यात शेवटी भाभीचा हात धरून म्हणाला, "पीप सुकू देऊ नको. भिजलं की फुगतं ते, फटी मिटतात." दिवाळीनंतर त्याला मशिदीमागं माती दिली.

भाभी इद्दतीत बसली. चार महिने आणि वर दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही. त्याचा निरोप तिनं तेव्हा कुणाला सांगितला नाही. इकडे उन्हानं फळ्या आक्रसल्या, कडी घसरून खाली बसली.

इद्दत सरली त्या दिवशी ती पेला घेऊन आली. "भाऊ, पाणी काढ."

मी पिपात ओतलं. सगळ्या फटींतून वाहून गेलं.

"भाभी, कडी उतरलीत. ती चढवणारा गेला. आता नाय धरायचं हे."

"तू पाणी काढ रं. फुगतं, बोललाय तो."

रोज असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाली की ती येते. मी पाणी काढतो. ते तिच्या पायांखालून मिरचीच्या वाफ्यात जातं, आणि ती कोरडा पेला धरून उभी राहते.