कन्हेरीची गिऱ्हाईकं

मी सांगितलं तेव्हा एकानंही विश्वास ठेवला नाही. उलट, "भागाबाई, तुम्ही चौथी शिकलेल्या, तुम्हाला मार्केटिंग काय कळतंय?" असं तोंडावर ऐकवलं!

नव्वदनंतरची वर्षं ती. बारामतीतल्या एका चहा-मसाल्याच्या एजन्सीत आम्ही पाच-सहा बायका होतो. पिशव्या घ्यायच्या, एस.टी. धरायची आणि गावोगाव दारात जाऊन माल विकायचा. इतके उंबरे झिजवल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय! हसायचेच जास्त होते.

शेठचा भाचा पुण्याहून शिकून आला. आम्ही त्याला भाचेसाहेब म्हणायचो. आल्या आल्या त्यानं गावांची वाटणी काढली.

"एका हद्दीत एकच बाई. गिऱ्हाईकाचं घर जिच्या हद्दीत, ते गिऱ्हाईक तिचं. दुसरीचं गिऱ्हाईक फोडलं की काम बंद!"

कन्हेरी यमुनाआक्काची होती. नवरा गेल्यावर पिशवी उचललेली बाई. आधी घरातल्या बाईबरोबर तांदूळ निवडायची, सुखदुःख ऐकायची, मग पुडा काढायची. असं घर न् घर जोडलेलं. पण तिची बहीण डाळजला राहायची, म्हणून साहेबानं तिला डाळज दिलं. "राहायची सोय आहे की तुमची!" कन्हेरी मिळाली छायाला. नवीन पोरगी, गुणाची.

मी मिटिंगमध्ये उभी राहिले. "साहेब, कन्हेरीच्या बाया चहासाठी दार उघडत न्हाईत, आक्कासाठी उघडत्यात. तिच्या मागं जातील त्या!"

"एवढ्या लांब, गाडी बदलून?" साहेब हसला. सगळे हसले. आक्का तेवढी हसली नाही.

*

निमगाव केतकीचा बाजार माझ्याकडं आला. बाजारात चहूकडची माणसं. नियमाप्रमाणं आधी गाव विचारायचं, मग माल द्यायचा. एका म्हातारीला विचारलं, "मावशी, गाव कंचं तुमचं?"

"का गं? पोरगी द्यायची हाय व्हय?"

"न्हाय, हद्द बघायची हाय. चहाची."

"चहाला कसली हद्द? उतू जातोय त्यो!"

*

एक गिऱ्हाईक बाळंतपणाला माहेरी आलं. सासर एकीच्या हद्दीत, माहेर दुसरीच्या. दोघी साहेबापुढं भांडायला लागल्या. साहेबानं डोकं धरलं आणि निकाल दिला, "बाळंतपण होईपर्यंत माहेरची!"

मी म्हटलं, "बाळाचं पण आत्ताच ठरवा साहेब. मोठं झाल्यावर चहा पिईलच की ते!"



*

डाळजच्या रानात आक्काला मेंढरं घेऊन फिरणारी एक बाई भेटली. आक्कानं विचारलं, "घर कुठं तुजं?"

"आज हितं, उद्या तितं. मेंढरास्नी इचार!"

आक्कानं ते ऑफिसात सांगितलं. साहेब विचार करून म्हणाला, "मेंढरं जिथं बसतील, ती हद्द."

आक्का हळूच म्हणाली, "मेंढरांस्नी सुदिक जागा बदलून मिळती साहेब. मला कन्हेरी कवा मिळंल?"

"दिवाळीनंतर बघू."

*

छाया कन्हेरीत जायची. बाया पाणी द्यायच्या, बसायला पोतं टाकायच्या. पुडा काढला की म्हणायच्या, "आदी आक्काची खुशाली सांग."

पोरगी माल कमी आणि निरोपच जास्त पोचवायला लागली. विक्री बसली. साहेब म्हणाला, "छाया, तू स्माईल कमी देतीस!"

*

दिवाळी झाली. साहेबानं विषय काढला नाही.

थंडीत आक्का मला भिगवणच्या स्टँडवर भेटली. खोकून खोकून कंबर धरलेली. म्हटलं, "आक्का, घरी बस चार दिवस."

"घरी बसले तर डाळज बी काढून घेतील, भागे." मग पिशवी खांद्यावर सारत म्हणाली, "हितं समदी 'ओ चहावाली' म्हणत्यात. कन्हेरीत मला नावानं हाक हुती."

*

एका सकाळी छाया कन्हेरीत गेली, तर दारादाराला कड्या. पारावर एक म्हातारे तात्या बसलेले.

"तात्या, बाया कुठं गेल्या?"

"डाळजला. पहाटंच्या गाडीनं."

"समद्या?"

"समद्या. आक्का रातीला गेली, तिला पोचवायला."

छाया तशीच ऑफिसात आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. मी माल घ्यायला आले होते. मलाही तिथंच कळलं.

साहेबाला फक्त भरलेली पिशवी दिसली. "एक पुडा खपला नाही?"

"कन्हेरीत कुणी न्हाय साहेब. समद्या बाया डाळजला गेल्यात."

"अख्खं गाव? दुसऱ्या हद्दीत?" साहेब टेबलावर हात आपटून ओरडला. "कुणी फोडली ही गिऱ्हाईकं? मला नाव पाहिजे! आजच तिचं काम बंद करतो!"

छायानं माझ्याकडं बघितलं.

मी पदर खोचला आणि त्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"लिहा साहेब," म्हटलं. "यमुना."