इब्राहिमभाईंचे टाके

इब्राहिमभाई कोणाच्याही हातचा चहा घेताना आधी देणाऱ्याचा चेहरा निरखत, मग कप. आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि विचारले, "तुमचा मुलगा संघाचा डॉक्टर, ते समजलं. तुम्ही कशाला आलात, गुरुजी? कोणी पाठवलं?"

मस्कतमधल्या बर्फावरच्या हॉकीच्या एका पगारी संघाचे कपडे, काठ्या आणि स्केट ते सांभाळत. मूळचे रत्नागिरीकडचे, घराणे शिडे शिवणाऱ्यांचे. मत्रह बंदरातल्या हौशी मंडळींनी हा संघ उभा केला, म्हणून त्याचे नाव 'बूम', म्हणजे मोठे अरबी गलबत. तेच गलबत जर्सीच्या छातीवर आणि खेळाडूंच्या खोलीतल्या फरशीवर. त्यावर पाऊल ठेवायचे नाही, असा रिवाज. कोणी चुकून ठेवलेच, तर इब्राहिमभाई त्याच्याकडूनच फरशी पुसून घेत. देवघरात वाढलेल्या मला ते मनापासून पटले.

पुढे संघ नव्या मालकाने घेतला. "हे गलबत आता कोणाला आठवतं?" असे म्हणून त्याने आपल्या कंपनीचे नाव संघाला द्यायचे ठरवले.

"आज नाव काढतील," इब्राहिमभाई म्हणाले, "उद्या सांगतील, संघ आम्हीच काढला."

"अर्बाब सज्जन दिसतात हो," मालकाला तिथे म्हणतात तसे मी म्हणालो.

"दिसतात. त्याचीच भीती वाटते."

नव्या नावाच्या पहिल्या सामन्याला मी पुजारी असलेल्या दार्सैतच्या देवळातून थेट गेलो. ध्वनिक्षेपकावर कंपनीचे नाव पुकारले गेले, प्रेक्षक गप्प. मग मत्रहच्या दुकानदारांच्या रांगेतून "बूम! बूम!" असा घोष उठला आणि सगळीकडे पसरला. स्तोत्रांखेरीज कधी आवाज न चढवलेला मीही त्यात होतो. इब्राहिमभाई माझ्या खुर्चीशी आले. "तुम्हालाही शिकवून बसवलंय?"

"नाही हो."

"मग घसा कशाला फोडताय?"

"राहवले नाही."

त्यांनी तोंड फिरवले आणि ते काठ्या आवरायला गेले.

मालक हसून म्हणाला, "खलास, विषय संपला. बूमच राहू द्या." गलबताच्या नव्या जर्सी आल्या, तेव्हा मी प्रसादाचे पेढे घेऊन गेलो. इब्राहिमभाई एक जर्सी उलटी करून दिव्याखाली पाहत होते.

"टाके बघा. कच्चे. यांचं मन फिरलं की गलबत एका ओढीत निघेल."

"अहो, किती संशय घ्यावा माणसाने?"

"पेढे ठेवा तिथं. सुईत दोरा ओवून द्या."

त्यांची गावी परतण्याची वेळ जवळ आली होती. उरलेले दिवस त्यांनी प्रत्येक गलबत शिडाच्या मेण लावलेल्या दोऱ्याने नव्याने शिवण्यात घालवले. त्यांचा संशय मला एखाद्या व्रतासारखा वाटू लागला.

यंदा ते रत्नागिरीला वारले. त्याआधी मालकाचे मन खरोखरच पुन्हा फिरले होते, असे माझ्या मुलाने सांगितले. गलबते उसवायला माणसे बसवली. पण टाके सुटेनात, कापडच फाटू लागले. शेवटी त्यांनी जर्सी तशाच खेळाडूंना परत दिल्या.