अरशदचं समुद्रासमोरचं घर

सावद्याचे हाशमभाई बागेत नुसते उभे राहिले तरी कोणता घड किती दिवसांनी कापायचा ते सांगत. चाळीस वर्षं त्यांनी केळीशिवाय दुसरा व्यापार केला नाही. एकसष्टाव्या वर्षी मात्र परदेशातल्या बेटावर घर घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं, आणि गावात जो तो म्हणू लागला की हाशमभाईंचं डोकं फिरलं.

त्या घरात त्यांचा धाकटा भाऊ अरशद राहायचा. अरशद सुतार. बावीस वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या कामावर म्हणून तो आफ्रिकेजवळच्या त्या बेटावर गेला आणि तिथलाच होऊन बसला. लग्न केलं नाही. कोळ्यांच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आणि त्याला दारं-खिडक्या स्वतःच्या हाताने केल्या. जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा, मागे लाटांचा आवाज.

"भाईजान, एक बार आओ तो सही. दारात बसलं की समोर नुसतं पाणी!"

"एवढा हंगाम जाऊ दे, येतो," हाशमभाई म्हणायचे. केळीचा हंगाम काही संपायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी अरशद काम करता करताच छातीत कळ येऊन गेला. हाशमभाईंकडे तेव्हा पासपोर्टसुद्धा नव्हता. भावाला मूठभर माती देणं त्यांच्या नशिबी आलं नाही. तिकडचे लोक फोन चालू ठेवून उभे राहिले आणि इकडे हाशमभाई फावड्यांचा आवाज ऐकत राहिले.

गेल्या वर्षी तिथल्या शेजारणीचा, मरियमबाईंचा फोन आला. बाई शाळेत शिकवायच्या आणि अरशदमुळे मोडकंतोडकं हिंदी शिकल्या होत्या. मालक घर विकतोय, हॉटेलवाले घेऊन ते पाडणार, असं त्यांनी सांगितलं.

"रस्त्याकडचा प्लॉट विकायला काढू," हाशमभाई जेवताना बायकोला म्हणाले. "ते घर आपण घेऊ."

रहिमाबी लग्न होऊन आल्या तेव्हा अरशद नऊ वर्षांचा होता. त्यांनीच त्याला वाढवला. भाकरी वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"राहणार कोण तिथे?"

"कोणी नाही."

"मग?"

"पडायला नको."

मुंबईच्या एका एजंटने रंगीत माहितीपत्रकं पाठवली. निळं पाणी, पांढरे बंगले, बंगल्याबरोबर राहण्याचा परवाना. फोनवर तो हाशमभाईंना 'इन्व्हेस्टर साहेब' म्हणायचा. सगळे कागद घेऊन हाशमभाई जळगावला भाविका वकिलांकडे गेले. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"चाचा, तिथे परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. सरकारने मंजूर केलेल्या प्रकल्पातला बंगला मिळतो, तोही ठरावीक वर्षांच्या करारावर. वस्तीतलं जुनं घर यात बसत नाही."

"तिथल्या कोणाच्या नावावर घेतलं तर?"

"मग ते त्याचंच. तुमचा हक्क काही राहणार नाही."

"मी कुठे गुंतवणूक करतोय, पोरी? भावाचं घर आहे ते."

"फॉर्मवर तसा रकानाच नाही, चाचा." त्यांनी कागद नीट लावून परत दिले. "पण घर अजून उभं आहे ना? पाहुणे म्हणून जायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही."

जानेवारीत नवरा-बायको निघाले. मालक भला माणूस; त्याने आठ दिवसांसाठी किल्ली दिली. पहिल्याच दिवशी वस्तीतले लोक येऊन हाशमभाईंचे हात हातात घेऊन उभे राहिले. निम्म्या घरांची दारं अरशदने केलेली होती. हाशमभाई एकेका दाराशी थांबत, जोडावरून बोट फिरवत. भावाचा हात त्यांना कुठेही ओळखू येत होता. मशिदीमागे कबर होती, कोणीतरी तिच्याभोवती शिंपले लावले होते. हाशमभाईंनी फातिहा वाचली. रहिमाबी कुंपणापाशी पदर धरून उभ्या राहिल्या आणि लहान पोराला हाक मारावी तशा आवाजात एकदाच म्हणाल्या, "अशू."

"त्याला इथे एकटं वाटायचं का हो?" तिसऱ्या दिवशी हाशमभाईंनी मरियमबाईंना विचारलं.

बाईंनी हिंदी शब्द शोधले. "रोज नाही. तुमचा फोन संपला की. मग तो कोणाशी बोलायचा नाही."

त्यानंतरचे दिवस हाशमभाई दारातच बसून राहिले. भरती यायची, जायची. रहिमाबी तिथेच चहा आणून द्यायच्या. पाण्यात उतरावं असं हाशमभाईंना एकदाही वाटलं नाही.

मार्चमध्ये घर पाडलं. फोटो पाठवू का, असं मरियमबाईंनी विचारलं; हाशमभाई नको म्हणाले.

"कबर तर आहे," रहिमाबी म्हणाल्या. "पुढच्या थंडीत परत जाऊ."

हाशमभाईंनी मान डोलावली. बाहेर बागेत न्यायला गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. हाशमभाई खुर्चीतून उठले नाहीत.